मैदानाआधीचं पोट

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मेसेज वाचला. भरतीचं मैदान जवळ आलंय, पोट रोज बिघडतंय आणि अभ्यासिकेतल्या मैत्रिणीनं प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला गुणकारी जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल सुचवल्यात, घेऊ का म्हणतेस. इतक्यात नको. पोट का बिघडतं ते आधी बघ.

जोरात पळताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला एरवीपेक्षा फार कमी येतं. त्यात ऊन आणि अंगात पाणी कमी, की आतड्याचं अस्तर दुखावतं. वर परीक्षेची धास्ती. धास्तीनं जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाईला येतं. म्हणून पोहे छातीशी बसून राहतात आणि तरी दोनदा संडासला पळावं लागतं. तुझं पोट काही नाजूक नाही, भरतीच्या निम्म्या पोरींचं हेच असतं. बोलत नाहीत एवढंच.

आता जिवाणूंचं. पहिल्या महायुद्धात बरोबरच्यांना हगवण लागली तरी एक सैनिक ठणठणीत राहिला. १९१७ साली आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरनं त्याच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा काढला. त्याचं औषध झालं, आजही मिळतं. पण तो एक ठरावीक वाण, म्हणजे जिवाणूच्या एकाच जातीतला एक खास प्रकार होता, हे विसरू नकोस. प्रोबायोटिकचा गुण वाणागणिक बदलतो. खेळाडूंवरच्या काही प्रयोगांत ठरावीक वाणांनी सर्दी-खोकल्याचा त्रास कमी झाला, पण म्हणून कुठल्याही डबीनं तुझे ८०० मीटर सुधारणार नाहीत. त्या पैशांची अंडी आण.

घरच्या दह्यात नेमके कोणते जिवाणू किती, ते कुणी मोजलेलं नसतं. काटेकोर बोलायचं तर त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. तरी रोज खा म्हणते, कारण प्रथिनं मिळतात, विरजणानं दुधातली साखर थोडी पचवून दिलेली असते, आणि ताक केलंस तर पाणी-मीठही पोटात जातं. खोलीवर स्टीलच्या डब्यात लाव: दूध बोटाला सोसेल इतपत कोमट, चमचाभर विरजण, थंडीत डबा टॉवेलात गुंडाळून. मेसची कढी चवीला खुशाल खा, उकळल्यावर त्यात जिवंत काही उरत नाही. फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकणाऱ्या पाकिटातल्या ताकाचंही तेच. आणि रस्त्यावरचं बर्फ घातलेलं ताक भरती होईपर्यंत बंद. बर्फ कुठल्या पाण्याचा, कोण सांगणार?

मला विचारशील तर तुझ्यासाठी सगळ्यात चांगली आंबील. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजव, सकाळी पाणी घालून शिजव. आंबवल्यामुळे धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि पाळीच्या वयातल्या, रोज पळणाऱ्या मुलीला लोह सहज कमी पडू शकतं. शिजवताना जिवाणू मरतात, म्हणून गार झाल्यावर वरून ताजं ताक ओत. लसूण-जिरं हवं तर घाल, मला आवडतं. पळून आल्यावर पी, पळण्याआधी नको.

दही-ताकाची सवय आत्ताच लाव, मैदानाच्या आठवड्यात नवं काहीही पोटात जाता कामा नये. त्या दिवशी पळायच्या अडीच-तीन तास आधी सरावातलंच थोडं खा. रिकाम्या पोटी चहा ढोसून उभी राहू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे. आणि रात्री दोनपर्यंत जागून चालू घडामोडी वाचत बसशील तर ताकाचा हंडा प्यालीस तरी पोट ताळ्यावर येणार नाही.

जुलाब लागले तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस कर. ताप आला, शौचात रक्त दिसलं किंवा दोन दिवसांत थांबलं नाही, तर थेट डॉक्टरकडे. अँटिबायोटिक दिलं तर दही-ताक किती वेळानं घ्यायचं ते तिथंच विचार, काही गोळ्यांचं दुधाच्या पदार्थांशी जमत नाही.

प्रवेशपत्र आलं की मैदानाची तारीख आणि वेळ कळव. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीचं जेवण काय ठेवायचं ते फोनवर ठरवू.

तुझ्या,
पीटीच्या बाई