सरपंचीण, सरपंचा की नुसतं सरपंच?

प्रश्न असा आला आहे : ‘शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापायची आहे. पाहुण्या आमच्या गावच्या सरपंच. एक गुरुजी म्हणतात “सरपंचा” लिहा, छापखानेवाला म्हणतो “महिला सरपंच”, आणि गावात तर सगळे “सरपंचीणबाई” म्हणतात. बरोबर काय?’

‘सरपंच’ छापा आणि पुढे त्यांचं नाव. तेवढंच हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

गुरुजींनी अध्यक्ष-अध्यक्षा, सदस्य-सदस्या यांच्या चालीवर ‘सरपंचा’ घडवलाय. पण ‘सर’ हा फारसीतून आलेला, म्हणजे डोकं, मुख्य. सरदार, सरनोबत यांतला. त्याला आपला ‘पंच’ जोडला. अशा जोडशब्दाला संस्कृत वळणाचा ‘आ’ लावला की तो उपरा वाटतो. मुंबईला १९५६ मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर मिळाल्या, तेव्हापासून आजवर ‘महापौरा’ काही रुळला नाही. कुणाचं अडलंही नाही.

‘महिला सरपंच’ लिहायचं तर आधीच्या पत्रिकांत ‘पुरुष सरपंच’ छापायला हवं होतं. राखीव असते ती जागा, पदाचं नाव नव्हे. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या वाढवून निम्म्या केल्या. निम्म्या खुर्च्यांवर ज्या बसतात त्यांना अजून विशेषण कशाला?

‘सरपंचीण’ची गंमत निराळी आहे. मराठीतला ‘ईण’ दोन्हीकडून बोलतो. मालकीण ही मालकाची बायको असेल किंवा स्वतःच घराची मालक असेल. मास्तरीण आधी मास्तरांची बायको होती, मग शाळेत शिकवणारी बाई झाली. पाटलीण मात्र पाटलाची बायकोच राहिली, कारण पाटीलकी तिच्याकडे यायची नाही. सरपंच पुरुष होते तेव्हा त्यांच्या बायकोला हौसेने सरपंचीणबाई म्हणणारी माणसं होतीच. म्हणून आज निवडून आलेल्या बाईला तोच शब्द लावला की तिच्यामागे कुणी सरपंच उभा असल्याचा भास होतो. बोलण्यात प्रेमाने येतो तो येऊ द्या, पत्रिकेत नको.

मुळात मराठीत वेगळं स्त्रीरूप हवंच असं नाही, कारण आपलं क्रियापदच सांगून टाकतं. ‘सरपंच आल्या’, ‘मुख्यमंत्री म्हणाल्या’. संपलं. (‘सरपंचांनी सांगितलं’ यात मात्र बाई की पुरुष ते कळत नाही, आणि कळायची गरजही नसते.)

आणि हेच क्रियापद चुगलीही करतं. मागे एका गावात रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो होतो. बाहेर पाटीवर बाईंचं नाव. शिपायाला विचारलं, ‘सरपंच आहेत का?’ तो म्हणाला, ‘सरपंच तालुक्याला गेलेत. सही पाहिजे असंल तर मॅडम आहेत आत.’ गेल्यात नाही, गेलेत. निवडून आलेल्या बाई खुर्चीत बसलेल्या असताना ‘सरपंच’ हा शब्द तालुक्याला गेलेल्या नवऱ्याकडे, आणि बाईंच्या वाट्याला ‘मॅडम’. व्याकरणात एक चूक नाही!

अशा नवऱ्याला ‘सरपंचपती’ म्हणतात. सेनापती, लखपती, सभापती यांतला पती म्हणजे स्वामी, धनी. सरपंचपतीतला म्हणजे नवरा. बऱ्याच गावांत दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात, हा भाग वेगळा. पंचायत समितीच्या ‘सभापती’ बाई असल्या तर कुणाला खटकत नाही, पण २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा मात्र ‘पती’वरून काथ्याकूट झाला. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांच्याबद्दल लोकसभेतले एक काँग्रेस नेते ‘राष्ट्रपत्नी’ बोलून गेले आणि त्यांना माफी मागावी लागली. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात नववधूला ‘गृहपत्नी’ हो म्हटलंय, तिथे घराची स्वामिनी असाच भाव आहे. पण आजच्या कानाला पत्नी म्हणजे कुणाची तरी बायको, तेव्हा तो दाखला इथे कामाचा नाही.

जाता जाता नात्याच्या शब्दांचंही. गोव्यात १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री असलेल्या शशिकला काकोडकर लोकांसाठी ‘ताई’च होत्या. पुरुष पुढारी दादा, भाऊ, अण्णा असतात, तशी ताई. त्यात कमीपणा काही नाही. ‘वहिनी’ मात्र भाऊंमार्फत येते. फलकांवर सरपंच बाईंना वहिनी म्हटलेलं दिसलं की शेजारी भाऊंचा फोटो शोधावा, बहुधा तोच मोठा असतो.

राहिलं ‘सौ.’ की ‘श्रीमती’. श्रीमती खरं तर कोणत्याही बाईला चालावं, पण आपल्याकडे ते विधवेसाठी धरलं जातं, त्यामुळे नावाआधी बाईंच्या संसाराची चौकशी होते. श्री. लिहिताना अशी चौकशी कुणी करत नाही. मी काहीच लावणार नाही. पण बाईंना स्वतःला सौ. हवं असेल तर लावा, नाव त्यांचं आहे.

प्रूफ तेवढं नीट बघा. छापखान्यात मजकूर गेल्या वर्षीच्या पत्रिकेवरून उचलतात. नाव बदलतं, वर ‘प्रमुख पाहुणे’ तसंच राहतं. ते ‘पाहुण्या’ करून घ्या.