हुक लावायच्या आधीची दहा मिनिटं

मागच्या अंकात खंडाळ्याच्या घाटात क्रेन चालवण्याबद्दल थोडं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, तर पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना एका अंकात उत्तरं देणं होणार नाही, चार प्रश्न घेतोय. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी, मी 26 वर्षं खोपोली ते लोणावळा या पट्ट्यात क्रेन आणि टोइंगचं काम केलंय, आता गुडघ्यामुळे रात्रीचं बंद केलंय.

प्रश्न : माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. कॉलेज अर्धवट सोडलं आणि आता कर्ज काढून जुनी टोइंगची गाडी घ्यायची म्हणतोय. घरात सगळे नाराज आहेत, नातेवाईक म्हणतात पोरगा आता लोकांच्या गाड्या उचलणार का. या कामाला काही मान आहे का? आणि त्याला नक्की काय यायला पाहिजे? — एक आई, चिंचवड

ताई, "गाड्या उचलणार" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर नो पार्किंगमधल्या स्कूटर उचलणारी गाडी येते आणि मागे धावणारा मालक येतो. ते काम वेगळं, ते पोलिसांच्या हुकमाने चालतं. तुमचा मुलगा म्हणतोय ते बंद पडलेली किंवा ठोकलेली गाडी सुरक्षित जागी न्यायचं काम, आणि त्यात माणूस स्वतः फोन करून बोलावतो, कधीकधी रडत बोलावतो. मान म्हणाल तर रात्री अडीच वाजता पावसात बायको-पोरं घेऊन घाटात अडकलेल्या माणसाला आपल्या गाडीचा पिवळा दिवा दिसतो ना, तेव्हा त्याचा चेहरा बघायला तुमच्या नातेवाईकांना एकदा पाठवा माझ्याबरोबर.

आणि हा काही कालपरवाचा धंदा नाही. अमेरिकेत टेनेसीमध्ये चॅटनूगा नावाचं गाव आहे, तिथल्या अर्नेस्ट होम्स नावाच्या मेकॅनिकने 1916 मध्ये पहिली टोइंग गाडी बनवली. त्याआधी एका मित्राची गाडी ओढ्यातून काढताना दोर, ठोकळे आणि सहा माणसं लागली होती, त्यावरून त्याला सुचलं आणि त्याने 1913 च्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली. त्या गावात आज या कामाचं म्युझियम आहे आणि काम करताना रस्त्यावर मेलेल्या टोइंगवाल्यांची नावं कोरलेली भिंत आहे. आपल्याकडे अशी भिंत असती तर त्यावरची तीन नावं मीच सांगितली असती.

आता लायसन. साधं चारचाकीचं लायसन किमान 1 वर्ष जुनं पाहिजे आणि वय 20 पूर्ण पाहिजे, मगच ट्रान्सपोर्ट, म्हणजे धंद्याच्या गाडीचं लर्निंग मिळतं. पण एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर हलक्या गाडीच्या लायसनवर ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते पक्कं केलंय. छोटा फ्लॅटबेड, म्हणजे बंद गाडी वर चढवून न्यायची सपाट पाठीची गाडी, त्यात बसू शकतो, पण आरसी बुकावरचं वजन बघूनच घ्या, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. त्याच्या वरच्या गाडीला हेवी लायसन लागणार.

पण माझं ऐकाल तर गाडी आत्ता घेऊच नका. त्याला एक वर्ष कुणाकडे तरी हेल्पर म्हणून राहू द्या, एक पावसाळा पूर्ण काढू द्या. माझा उस्ताद स्पॉटवर पोचला की हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि ती फेरी पूर्ण होईपर्यंत आम्हाला हुकाला हात लावू द्यायचा नाही, मला तेव्हा राग यायचा, वाटायचं म्हातारा वेळ काढतोय, ट्रॅफिक तुंबलंय, पोलीस ओरडतायत आणि हा फिरतोय. तो काय बघायचा ते कळायला मला दोन वर्षं लागली. कुठल्या चाकांना इंजिनची ताकद जाते, हँडब्रेक लागलाय का, स्टेअरिंग लॉक आहे का, डिझेल कुठून गळतंय, वजन कुठल्या बाजूला बसलंय, खालची माती धरेल का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी ओढायची लोखंडी वायर तुटली तर ती कुणाच्या अंगावर जाईल. ताणलेली वायर तुटली की चाबकासारखी उलटी येते, म्हणून तिच्यावर जड गोणपाट टाकायचं आणि तिच्या रेषेत कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, मालकाला पण नाही. तुमच्या मुलाला ही दहा मिनिटं थांबता येतं का ते बघा, ताकद आणि ड्रायव्हिंग नंतर येतं.

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक कार हायवेवर बंद पडली. क्रेनवाल्याने जेमतेम दहा मिनिटांत कार चढवली, 22 किलोमीटरवर सोडली आणि 5,500 रुपये घेतले. ही सरळ लूट नाही का? — एक वाचक, पुणे

दादा, असू शकते, मी आमच्या लोकांची वकिली करणार नाही. या धंद्यात अडलेल्याला कापणारे आहेत आणि त्यांच्यामुळे आम्ही सगळे बदनाम होतो. न बोलावता येऊन उभा राहिला आणि "आधी हुक लावू, पैशाचं नंतर बघू" म्हणाला तर हात लावू देऊ नका. हुक लागायच्या आधी रेट ठरवायचा, किलोमीटरचा वेगळा का, टोल कुणाचा, गाडी कुठे सोडणार, हे सगळं बोलून घ्यायचं आणि पावती मागायची. गॅरेज तुम्ही ठरवायचं, तो नाही. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर आधी त्यांना फोन करा, अनेकांना आपण ते घेतलंय हेच माहीत नसतं.

पण दहा मिनिटांचे एवढे पैसे म्हणताय ते मात्र मला लागलं. तुम्ही लिहिलंय की कार "चढवली", म्हणजे फ्लॅटबेडवर नेली. तुमच्या ऑटोमॅटिकची पुढची चाकं जमिनीवर ठेवून तोच माणूस दोराने ओढत 22 किलोमीटर गेला असता तर स्वस्तात झालं असतं आणि गिअरबॉक्स गेला असता, कारण बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की आतला तेलाचा पंप फिरत नाही आणि चाकं फिरली की आतले पार्ट कोरडे घासतात. चारही चाकांना ताकद असलेली गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी, यांना पण फ्लॅटबेडच पाहिजे. त्याने तुमचा किती खर्च वाचवला ते तुम्हाला दिसलं नाही कारण ते घडलंच नाही.

ट्रकचं तर अजून अवघड. एअर ब्रेकची हवा उतरली की मागचे ब्रेक स्प्रिंगने आपोआप लॉक होतात, ते सोडवल्याशिवाय ट्रक जागचा हलत नाही आणि जबरदस्तीने ओढला तर टायर घासत जातात. मग आमच्या गाडीतून पाइपने हवा द्यायची नाहीतर खाली झोपून चेंबरचे बोल्ट आवळून ब्रेक सोडवायचे, मागची चाकं रस्त्यावर फिरणार असतील तर जॉइंट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा, तो पण उतरवायचा, नाहीतर त्याचा गिअरबॉक्स जळतो. हे सगळं 20 टन मालाखाली, उतारावर, आणि चाकांना ओट, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळा, लावल्याशिवाय खाली जायचं नाही. ओट विसरलेला एक हेल्पर मी बघितलाय, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

बाकी हप्ता, डिझेल, हेल्परचा पगार, वायर आणि पट्टे वेळेवर बदलणं, आणि महिन्यातल्या ज्या रात्री फोनच येत नाही त्या रात्रीपण जागं राहणं, हे त्या रेटमध्ये येतं. ठरवून घेतलेले पैसे असतील तर लूट म्हणू नका, न ठरवता उकळले असतील तर नक्की म्हणा.

प्रश्न : घाटात गाडी बंद पडली तर क्रेन येईपर्यंत आम्ही काय करायचं? — एक वाचक, सातारा

आधी गाडीतून उतरा, सगळे, झोपलेलं पोर पण उचला. डाव्या बाजूने उतरून रेलिंगच्या पलीकडे जागा असेल तर तिकडे जा. गाडीच्या मागे उभं राहून मोबाइल बघणारे लोक मी इतके बघितलेत की सांगता सोय नाही. ताशी 80 ने येणारा ट्रक सेकंदाला 22 मीटर खातो, आणि न्यूट्रल मारून घाट उतरणाऱ्याचे ब्रेक आधीच तापलेले असतात, त्याने तुम्हाला बघितलं तरी तो थांबेलच असं नाही.

लाल त्रिकोण गाडीला चिकटून ठेवू नका. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवा, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी कळेल. ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कडेने चाला. नॅशनल हायवेवर 1033, बाकी कुठूनही 112. फोनवर "घाटात आहे" एवढंच सांगू नका, कुठल्या दिशेने चाललाय आणि जवळच्या दगडावरचा किलोमीटर सांगा, त्यात आमचा अर्धा तास वाचतो.

अपघात असेल आणि कुणी जखमी असेल तर 108. दुसऱ्याच्या अपघातात मदत केली तर पोलीस लफडं मागे लागेल म्हणून लोक थांबत नाहीत, पण मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 134ए कलम आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची पण सक्ती करता येत नाही. गॅसचा किंवा केमिकलचा टँकर आडवा असेल तर मात्र जवळ जाऊच नका, व्हिडिओ काढायला तर अजिबात नको. जून 2023 मध्ये एक्सप्रेसवेवर लोणावळ्याजवळच्या कुणे पुलावर टँकर पेटला तेव्हा आग पुलाखालच्या रस्त्यापर्यंत गेली होती, चार माणसं गेली. अशा टँकरला आम्ही पण जाणकार लोक येईपर्यंत हुक लावत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर क्रेनवर आहेत. रात्री फोन आला की उठून जातात, सकाळी येतात आणि दोन-दोन दिवस बोलत नाहीत. विचारलं की चिडतात. मी काय करू? — नाव देत नाही, रायगड जिल्हा

वहिनी, तुमचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे माझंच आहे.

एक सांगतो, जे मी तिलापण दहा वर्षांनी सांगितलं. एका टेम्पोची केबिन दाबली गेली होती, ड्रायव्हर आत, पाय स्टेअरिंगखाली अडकलेले, शुद्धीत होता. मी विंचवर, म्हणजे वायर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावर होतो. अशा वेळी झटका देता येत नाही, बोटभर ओढायचं, थांबायचं, माणूस ओरडला तर सोडायचं, परत दुसऱ्या कोनातून ओढायचं, असं जवळजवळ पाऊण तास. तो माझ्या हेल्परला म्हणाला, घरी फोन लाव आणि सांग गाडी पंक्चर झालीय, उशीर होईल. हेल्परने लावला, आणि पलीकडून त्याची बायको म्हणाली की बरं, जेवण झाकून ठेवते. नंतर तो निघाला, ॲम्ब्युलन्सने गेला, आणि पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हाला कधीच कुणी सांगत नाही. सकाळी मी घरी आलो तर माझंही जेवण झाकून ठेवलेलं होतं, आणि मला ते ताट उघडता येईना. बायकोला वाटलं मी तिच्यावर रागावलोय.

तुमचे मिस्टर रागावलेले नसतात, एवढं मी खात्रीने सांगतो. आल्या आल्या "काय झालं" विचारू नका. आंघोळीला पाणी द्या, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी "कुठली गाडी होती" असं विचारून बघा, आम्हाला गाडीबद्दल बोलता येतं, किती टनाची, कुठे अडकली, वायर कशी लावली, आणि बोलता बोलता आत कोण होतं तेही निघतं. पण झोपच लागत नसेल, दारू वाढली असेल, गाडीचा हॉर्न वाजला तरी दचकत असतील, तर सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे घेऊन जा, आणि ते नाही म्हणाले तर हा अंक दाखवा, सांगा की मी पण गेलो होतो.

आणि त्यांचं रिफ्लेक्टर जॅकेट एकदा अंधारात टॉर्च मारून बघा. धुऊन धुऊन पट्टे विझले असतील तर नवं घ्यायला लावा, आजच.