कुंपणापलीकडचं शेत कोणाचं?

प्रश्न : माझा मुलगा सीमा सुरक्षा दलात आहे, सध्या पंजाबात. तारेच्या कुंपणाला फाटक आहे. त्यातून शेतकरी पलीकडच्या आपल्या शेतात जातात आणि दिवस असतानाच परततात. त्यांची ओळखपत्रं आणि ट्रॅक्टर तपासणं हे त्याचं काम. चवथीला घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, आजोबांच्या वयाची माणसं माझ्यासमोर रांगेत उभी राहतात, मला बरं वाटत नाही." ती जमीन सरकारने घेतली आहे का? घेतली असेल तर ते कसतात कसे, आणि नसेल तर त्यांना अडवतात कसे?
– एक आई, पेडणे

उत्तर : ताई, जमीन त्यांचीच आहे. भूसंपादन होतं ते कुंपण आणि गस्तीच्या रस्त्याखालच्या पट्टीचं. कुंपण मात्र नेमक्या हद्दीवर नसतं, आपल्याच बाजूला आत असतं. बांगलादेश सीमेवर हे अंतर 150 यार्डांचं धरलं जातं, कारण शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष हद्दीपासून, तेवढ्या पट्ट्यात संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही असं 1975 मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं. पंजाबात 1980 च्या दशकाच्या अखेरीस, दहशतवादाच्या दिवसांत कुंपण आलं आणि सुमारे 21 हजार एकर शेती पलीकडे राहिली. उताऱ्यावर नाव शेतकऱ्याचं, पण फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे. ऊस, कापूस अशी उंच पिकं तिथे घेता येत नाहीत, कारण नजर अडते. रात्री पाणी लावायला जाता येत नाही. पिकाला रात्रीचं पाणी म्हणजे काय, हे वायंगण, म्हणजे पाऊस संपल्यावर पाण्यावर घेतलेलं भात, केलेल्या माणसाला सांगायला नको.

घटनेचं कलम 300-अ म्हणतं, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. अडचण अशी की इथे मालमत्ता काढून घेतलेलीच नाही, फक्त वाट आणि वेळ काढून घेतली आहे. चाळीस वर्षं मी जमिनीचे दावे चालवले; मालकी जाण्यापेक्षा मालकी राहून उपयोग जाणं हे दुखणं मला जास्त अवघड वाटतं, कारण पहिल्याचा मोबदला ठरतो, दुसऱ्याचा मागत बसावा लागतो.

आमच्याच घरात हे झालं आहे. आजोबा पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातल्या नायबागचे, भाताची दोन शेतं नदीपलीकडे, भारताच्या हद्दीत सातार्ड्याला. 1955 च्या ऑगस्टात पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर हद्द बंद झाली. आजोबा आमच्या काठावर उभं राहून समोरचं भात पिकताना बघायचे. इकडे पाखले, म्हणजे पोर्तुगीज, तिकडे भारताचा पहारा. मग 1 एप्रिल 1957 ला मुंबई राज्यात कूळ कायद्याने कसणारा मालक झाला. शेतं कुळाला गेली. त्याने घाम गाळला होता, त्याच्याबद्दल आमची तक्रार नव्हती. पण आजोबांना त्या मामलेदारापुढे उभं राहून आपलं म्हणणं मांडायलाही पलीकडे जाता आलं नाही, ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत सांगितली.

आता कायद्यातली एक गोष्ट, जी फार थोडे लोक वापरतात. 1894 च्या भूसंपादन कायद्यात होती आणि 2013 च्या कायद्यातही आहे : संपादनामुळे उरलेली जमीन तुटली, तर त्या तुटण्याच्या नुकसानीचाही मोबदला विचारात घ्यायचा. म्हणजे कुंपणाखालची चार गुंठे गेली, तर पलीकडच्या चार एकरांचं नुकसानही त्याच निवाड्यात मागायचं. ते मागायचं निवाड्याच्या वेळी. बहुतेक लोक पट्टीचे पैसे घेऊन सही करतात आणि हक्क तिथेच संपतो. पंजाबातले शेतकरी उच्च न्यायालयात गेले, त्यानंतर एकरी वर्षाला दहा हजार रुपये ठरले. माझ्या मते ते फार कमी आहेत.

अमेरिकेतही टेक्सासमध्ये कुंपण आणि रिओ ग्रांद नदी यांच्या मध्ये लोकांची शेतं अडकली आहेत. तिथे 1931 च्या एका कायद्याने सरकार पैसे कोर्टात भरून ताबा आधी घेतं, किमतीचं भांडण मागाहून चालतं.

तुमच्या मुलाला सांगा, नियम बदलणं त्याच्या हातात नाही, पण ठरलेल्या वेळी फाटक उघडणं आहे. एप्रिलात गहू कापणीला येतो आणि पावसाची एक सर पिकाचं नुकसान करते. त्या दिवसांत अर्धा तास उशीर झाला, तर त्या अर्ध्या तासाचा मोबदला कुठल्याच कायद्यात नाही. आणि रांगेतल्या म्हाताऱ्याला आधी नमस्कार करू दे, ओळखपत्र मागाहून बघू दे.