शॉक बदलायचे आहेत, पण कोणते घ्यावेत?

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे गाडीच्या सस्पेन्शनविषयी, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग आणि शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) यांविषयी आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या तिघांची अर्धी उत्तरे त्यातच सापडतील.

प्रश्न : माझी 2018ची डिझायर व्हीएक्सआय पेट्रोल गाडी आहे आणि तिचे 96 हजार किलोमीटर झाले आहेत. निगडीहून तळेगावमार्गे चाकणला रोज जाणे-येणे असते. गाडीत बहुधा आम्ही तिघे असतो. अलीकडे उंचवटा ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते आणि कमी वेगात खराब रस्त्यावर पुढच्या डाव्या बाजूने ‘टक टक’ असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, हेवी ड्यूटी गॅस शॉक टाका. दुकानदाराने तिप्पट किमतीचे परदेशी शॉक सुचवले. मला गाडी पळवायची नाही. कंबर शाबूत राहावी आणि पुन्हा पाच वर्षे या कामात पडावे लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.

— एक वाचक, निगडी

उत्तर : आपण एकाच वाक्यात दोन तक्रारी सांगितल्या आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी असण्याची शक्यता मोठी आहे. उंचवट्यानंतर गाडी डुलत राहणे हे थकलेल्या शॉकचे लक्षण होय. कमी वेगात, लहान खडबडीवर येणारी ‘टक टक’ मात्र बहुतेक वेळा अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची, लोअर आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भुजेच्या) रबरी बुशची किंवा स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडणीच्या) वरच्या माउंटिंगची असते. नुसते शॉक बदलले आणि लिंक रॉड तसाच ठेवला, तर आवाज कायम राहील आणि दोष मात्र नव्या शॉकच्या माथी मारला जाईल. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा हा प्रकार गॅरेजमध्ये रोज घडतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून, चाके लोंबती असताना आणि नंतर चाकांवर भार असताना, अशी दोनदा तपासून घ्यावी. बॉनेट हाताने दाबून सोडण्याची चाचणी सगळेच करतात, पण तिच्यातून फक्त पूर्ण मेलेला शॉक ओळखता येतो. अर्धा थकलेला शॉक त्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवून पाहावा. रबर ठिकठिकाणी खड्ड्या-उंचवट्यांसारखे झिजले असेल, तर चाक रस्त्यावर नीट टिकत नाही, असे समजावे. शॉकच्या नळीवर तेलाचा पुसट थर असणे चालते. नळी ओली असेल आणि तिच्यावर धुळीचा चिखल बसला असेल, तर सील गेले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते; शॉक ते पेलत नाही. स्प्रिंग दाबली जाऊन उसळते तेव्हा तिची उसळी तेलाच्या घर्षणात जिरवून उष्णतेत बदलणे, एवढेच शॉकचे काम असते. साध्या प्रवासी गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतो आणि ही चाल माणसाला त्रासदायक वाटत नाही, कारण ती आपल्या चालण्याच्या लयीच्या जवळपास असते. शरीराला सर्वाधिक जाचतात ते सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे. पाठीचा कणा आणि पोट त्यांनाच अधिक संवेदनशील असतात. ‘हेवी ड्यूटी’ म्हणून विकला जाणारा ताठ शॉक गाडीचे डुलणे थांबवतो खरा, पण तो खडबडीचे बारीक हादरे जसेच्या तसे आसनापर्यंत पोहोचवतो. ट्रकांनी उखडलेल्या तळेगाव-चाकण रस्त्यावर डुलण्यापेक्षा हेच हादरे अधिक येतात. थोडक्यात, आपल्याला मऊ शॉकही नको आणि ताठ शॉकही नको. आपल्या गाडीच्या स्प्रिंगशी जुळणारा शॉक हवा.

‘गॅस’ या शब्दाभोवतीही बराच गैरसमज आहे. गॅस शॉकमध्येही काम तेलच करते. खडबडीवर दट्ट्या वेगाने खाली-वर होऊ लागला की तेलात फेस धरतो आणि शॉकचा जोर ओसरतो. तो फेस होऊ नये म्हणून आत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. दुहेरी नळीच्या (एका नळीत दुसरी नळी असलेल्या) शॉकमध्ये हा दाब कमी असतो, एकेरी नळीच्या शॉकमध्ये बराच जास्त. एकेरी नळीचा शॉक लवकर थंड होतो आणि घाटात किंवा शर्यतीत सातत्य राखतो, परंतु त्याची बाहेरची नळी हेच दट्ट्याचे सिलिंडर असल्याने एखादा दगड लागून तिला पोचा पडला की दट्ट्या अडकतो. रोजच्या वापराच्या छोट्या सेडानसाठी कमी दाबाचा, दुहेरी नळीचा शॉक मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

म्हणून माझा सल्ला असा, की मारुतीच्या अधिकृत सुट्या भागांतील शॉक घ्यावेत किंवा मोटार कंपन्यांना मूळ माल पुरवणाऱ्या उत्पादकाचे, त्याच मापाचे शॉक घ्यावेत. 1961 साली सुरू झालेली गॅब्रिएल इंडिया ही त्यांपैकी सर्वांना ठाऊक असलेली कंपनी. मोनरो आणि जपानची केवायबी हीही याच कामात मुरलेली नावे आहेत. मात्र नावापेक्षा पार्ट नंबर महत्त्वाचा आहे. आपल्या गाडीचे वर्ष, इंजिन आणि प्रकार सांगून नंबर जुळवून घ्यावा, कारण डिझेल डिझायरचे पुढचे वजन जास्त असल्याने तिचा स्ट्रट पेट्रोल गाडीला ‘बसतो’ म्हणून चालवून घेणे म्हणजे पुन्हा ताठपणा विकत घेणे होय. पुढचे डावे आणि उजवे स्ट्रट एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हेही बिल करताना तपासावे. बाजारात नकली माल भरपूर आहे. पक्के बिल न देणाऱ्या दुकानातील स्वस्ताई महागात पडते. एकच शॉक बदलण्याची काटकसर करू नये. निदान पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकदम बदलावेत, आणि 96 हजारांनंतर मी चारही बदलले असते.

पाच वर्षांची जी अपेक्षा आपण लिहिली आहे, तिचा निकाल मात्र शॉकपेक्षा बसवणाऱ्याच्या हातात आहे, आणि हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचे नवे स्ट्रट आठ महिन्यांत गळू लागले, तेव्हा दट्ट्याच्या चकचकीत दांड्यावर पकडीचे दात उमटलेले दिसले. वरचा नट सैल करताना दांडा फिरू नये म्हणून कारागिराने तो सरळ पकडीत धरला होता. त्या ओरखड्यांनी सील कापले गेले. दांडा त्याच्या टोकाच्या खाचेतूनच धरायचा असतो. तसेच बसवण्यापूर्वी दुहेरी नळीचा शॉक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा आणि खेचावा, म्हणजे आडव्या साठवणीत तेलात शिरलेली हवा वर निघून जाते. नव्या स्ट्रटवर जुने माउंटिंग, जुना बेअरिंग, भुगा झालेला बंप स्टॉप (शॉक पूर्ण दाबला गेल्यावर आदळू नये म्हणून असलेला ठोकळा) आणि फाटलेले डस्ट बूट (दांड्यावरचे धूळरोधक आवरण) चढवण्याची चूक तर सर्रास होते; हे रबरी सामान शॉकच्या मानाने स्वस्त असते आणि मजुरी एकदाच पडते, म्हणून ते त्याच वेळी बदलावे. लोअर आर्मचे बुश बदलल्यास त्यांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असली पाहिजे. चाके लोंबत असताना ते आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. हा एक मुद्दा आपण स्वतः उभे राहून पाहिलात, तर कारागीर रागावला तरी चालेल. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. पुढचे स्ट्रट उतरवल्यावर ती बिघडणारच.

आणि हे सगळे करण्याच्या आदल्या दिवशी, गाडी थंड असताना टायरमधील हवा दाराजवळच्या पट्टीवर छापली आहे तेवढी करून पाहावी. आपल्या व्हीएक्सआयला 165/80 आर14 मापाचे टायर कारखान्यातून येतात आणि त्यांची उंच बाजू हीच खड्ड्याला सामोरी जाणारी पहिली स्प्रिंग असते. पंपावरच्या पोराने ‘थोडी जास्त मारतो’ म्हणून भरलेली हवा कित्येक लोकांना सस्पेन्शनचा बिघाड वाटते.

प्रश्न : गाडीत पाच माणसे बसली की मागचा भाग खाली बसतो आणि स्पीडब्रेकरला घासतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर मिळतात; ते टाकावेत काय?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : बफर टाकल्याने गाडी उचलली जाते, याचे कारण तो स्प्रिंगचे काही वेढे अडवून तिला ताठ करतो. समजा, स्प्रिंग 40 टक्के ताठ झाली, तर गाडीच्या डोलण्याची गती सुमारे 18 टक्क्यांनी वाढते. शॉक मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाने बांधलेला असल्याने तो आता अपुरा पडतो. परिणामी एकटे असताना गाडी आदळते आणि भरलेली असताना अधिक उसळते. शिवाय सगळा ताण मोकळ्या राहिलेल्या वेढ्यांवर येतो. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी रोजचा त्रास ओढवून घेऊ नये. मागच्या स्प्रिंग जुन्या असतील, तर समतल जमिनीवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजावी. त्या बसल्या असतील तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग हाच उपाय आहे.

स्पीडब्रेकरचे म्हणाल, तर दोष सगळा गाडीचा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो ताशी 25 किलोमीटर वेगाने ओलांडता येतो. आपल्या गल्लीत रातोरात उगवलेला हातभर रुंदीचा डांबरी बांध कोणत्याच सस्पेन्शनला पेलणारा नाही.

प्रश्न : माझ्याकडे 2016ची पोलो आहे. शॉक संपले आहेतच, तर लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या बुटक्या स्प्रिंग) आणि बिल्स्टीनचे शॉक टाकावे, की कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी शॉक-स्प्रिंगची जोडणी) घ्यावेत? गाडी रोज कॉलेजला नेतो.

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बिल्स्टीन हे चांगलेच नाव आहे, परंतु त्यातही प्रकार आहेत. बी4 हा मूळ शॉकच्या जागी येणारा प्रकार. बी6 मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असून स्वभावाने ताठ असतो. बी8 हा बुटक्या स्प्रिंगसाठी आखूड केलेला असतो. मूळ स्प्रिंगवर बी8 किंवा बुटक्या स्प्रिंगवर बी4 चढवला, तर दोन्हींचे पैसे वाया जातात. भारतासाठी बांधलेल्या गाड्यांची उंची युरोपातील आवृत्तीपेक्षा बहुधा जास्त ठेवलेली असते, त्यामुळे परदेशी यादीत ‘पोलो’ असे लिहिले आहे एवढ्यावर मागवू नये. दांड्याची लांबी जुळवून पाहावी.

गाडी 40 मिलिमीटर खाली आणली की खड्ड्यात चाकाला वर जाण्यासाठी जी जागा होती, तीच 40 मिलिमीटरने कमी होते. मग उरलेले काम बंप स्टॉप करतो आणि तो मऊ नसतो. स्वस्त कॉइलओव्हरच्या उंची बदलण्याच्या आट्यांत पहिल्याच पावसाळ्यात चिखल भरतो, पुढे त्या गंजून जाम होतात आणि ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच उरत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 देखील नजरेखालून घालावे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल त्यानुसार करता येत नाही. वळणावर गाडी आवळून चालावी, एवढीच हौस असेल, तर मूळ स्प्रिंग, चांगले नवे शॉक, नवे बुश आणि चांगले टायर यांवर खर्च करावा. गगनबावड्याच्या घाटात फरक जाणवेल आणि घरी येताना रंकाळ्याच्या रस्त्यावर आई-वडील मागे बसायला नकार देणार नाहीत.

प्रश्न : माझी 2012ची कॅमरी 1,10,000 मैल चालली आहे. येथे स्प्रिंग, माउंटिंगसकट तयार जोडलेले स्ट्रट मिळतात. ते घ्यावेत की नुसते शॉक बदलावेत?

— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपल्याकडे न्यू जर्सीत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ पडते आणि ते स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत साचून शेवटचा वेढा आतून खाते. म्हणून इतक्या मैलांनंतर जुनी स्प्रिंग पुन्हा वापरण्यात फारसा अर्थ नाही आणि तयार जोडणी घेणे योग्य ठरते. शिवाय दाबलेली स्प्रिंग उघडण्याचे धोक्याचे काम टळते आणि मजुरीही वाचते. आपल्या कॅमरीला मागेही स्ट्रटच असल्याने चारही कोपऱ्यांना हे लागू आहे. मोनरोची क्विक-स्ट्रट किंवा केवायबीची स्ट्रट-प्लस घ्यावी. निनावी स्वस्त संच टाळावा, कारण त्यांत एकच स्प्रिंग चार-सहा प्रकारच्या गाड्यांना चालवलेली असते आणि मग चार सिलिंडरच्या गाडीचे नाक सहा सिलिंडरच्या जड व्ही6 इंजिनासाठीच्या स्प्रिंगमुळे वर राहते. मागवण्यापूर्वी आपले इंजिन आणि ट्रिम (गाडीचा उपप्रकार) नोंदवून घ्या, आणि आताची चारही चाकांवरील उंची मोजून लिहून ठेवा. बसवल्यावर तुलनेला तेच आकडे लागतील.