तोप, तोफ आणि तुपक

नेरूळच्या एका ताईंनी विचारलंय: जंजिऱ्यावर कलालबांगडी तोफेपाशी गाइड सारखा ‘तोप’ म्हणत होता. मूळ शब्द तोपच, ‘तोफ’ हा अपभ्रंश, असंही त्याने ठासून सांगितलं. मग मुलांना काय शिकवायचं?

तोफ शिकवायचं. हिंदी-गुजरातीत तोप आहे, ते त्यांच्या जागी ठीक. पण मराठी बातम्यांत ‘तोप चालवली’ ऐकलं की संताप होतो. एवढ्याशा वाक्यात दोन चुका! मराठीत तोफ चालवत नाहीत, डागतात. जुन्या तोफेच्या मागच्या अंगाला वर एक बारीक भोक असतं. तो तिचा कान. त्यात दारू भरून पेटती बत्ती टेकवायची, की बार उडाला. त्याच कानात खिळा ठोकला की तोफ मुकी. तापल्या लोखंडाने गुरांना डागतात आणि विस्तवाने तोफ डागतात, क्रियापद एकच. इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘चालवली’ कशाला?

आता खरी गंमत. तुर्की भाषेत ‘तोप’ म्हणजे मुळात गोळा. आजही तिथे फुटबॉलचा चेंडू तोपच, आणि तोफही तोपच. म्हणजे गोळ्याचं नाव गोळा फेकणाऱ्या यंत्राला चिकटलं. बंदुकीचंही तेच झालं. अरबीत ‘बुंदुक’ हे हेझलनटसारख्या एका कवचाच्या फळाचं नाव, त्यावरून तेवढ्या आकाराची गोळी, आणि त्यावरून आपली बंदूक. या हिशेबाने ‘तोफगोळा’ म्हणजे गोळागोळा!

आणि तुपक, म्हणजे जुन्या काळची बंदूक? मूळ तुर्की ‘तुफेक’. तिथला फ आपल्याकडे प झाला, तर ‘तोप’मधल्या पचा फ झाला. तोफा आणि तुपका एकाच फौजेत, एकाच माणसांच्या तोंडी होत्या. माझं ठाम मत आहे की शेजारी राहून या दोन शब्दांनी आपापली अक्षरं बदलून घेतली. काही अभ्यासक याला ‘निव्वळ उच्चारदोष’ म्हणून मोकळे होतात. दोष असता तर दोन्ही शब्द एकाच दिशेला घसरले असते. इथे एक गेला, एक आला.

ठाण्यातल्या एका व्याख्यानात मात्र कहर ऐकला: ‘तोफ’ हा शब्द पोर्तुगीजांनी दिला, कारण ते इथे दोनशे वर्षं होते. होते ना. ठाण्याचा किल्ला त्यांनीच बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी तो जिंकला आणि आता तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला, हे मला मान्य आहे. पण तोफेला ते ‘कान्याँव’ म्हणतात. त्यातून तोफ कशी काढणार? त्यापेक्षा मुलूखमैदान तोफेकडे बघा. आज ती विजापूरला आहे, पण 1549 मध्ये ओतली गेली अहमदनगरला, आणि ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. कारागीर तिकडून आले, तसा त्यांच्या कसबाचा शब्दही आला. इस्तंबूलमध्ये ‘तोपहाने’ नावाचा भाग आहे, कारण तिथे तोफा ओतत. आपल्या नगरमध्येही तोफखाना आहेच.

राहता राहिला तो गाइड. मूळ रूप तोप, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण मूळ तेच शुद्ध, हा हट्ट चुकीचा. अरबी ‘कुफ्ल’चं आपण कुलूप केलं, म्हणून कुणी दाराला कुफ्ल लावा म्हणत नाही. मराठीने घेतलेला शब्द मराठीच्या उच्चाराने नांदतो. तेव्हा ताई, मुलांच्या वहीत बिनदिक्कत ‘तोफ’ लिहू द्या, आणि पुढे ‘डागली’ लिहायला विसरू देऊ नका.