कोकणात लाकडी पायाचं तळघर टिकेल का?

रत्नागिरीजवळ उताराची जागा आहे, अमेरिकेतल्यासारखा लाकडी पाया घालून तळघर करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, लाकूड जोत्याच्या वरच ठेवा, तळघराची भिंत काँक्रीटची घ्या. तिकडे दाबाखाली रसायन मुरवलेलं लाकूड वापरतात, तरी पाया खरा टिकतो तो खालच्या खडीमुळे, कारण पाणी भिंतीशी थांबतच नाही. ते मात्र जरूर उचला: भिंतीबाहेर जाड प्लास्टिक, त्याला लागून धुतलेली खडी, तळाशी भोकांचा पाइप आणि त्याचं तोंड खालच्या उतारावर उघडं. पंपावर विसंबू नका, ऐन पावसात वीज जाते. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस! जांभ्या दगडातून पाणी झिरपतं, सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळ पठारावरचं पाणी आतून खाली येतं. म्हणून वरच्या अंगाला आधी खोल चर मारा. आणि लाकडाला वाळवीचा धोका आहेच.