बाबांचे ठोकळे

“मुलांचं मोबाइलवेड ऐकलं होतं, मॅडम. पण एकाहत्तराव्या वर्षी?” सूनबाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. सासरे एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर ‘ते चिनी ठोकळे’ जुळवत बसतात, रोज चार-पाच तास, कधी पहाटे उठूनही. हे व्यसनच ना? घरातल्या ज्येष्ठांबद्दल हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बराच येतो. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ठोकळे म्हणजे माहजाँग सॉलिटेअर. 144 सोंगट्यांचा ढीग. जिच्यावर दुसरी सोंगटी नाही आणि जिची डावी किंवा उजवी बाजू मोकळी आहे तीच उचलता येते, तीही सारख्या सोंगटीच्या जोडीनं. सोंगट्या चिनी, पण एकट्यानं खेळायचा हा संगणकी प्रकार अमेरिकेतल्या ब्रोडी लॉकार्ड यांनी 1981 मध्ये तयार केला. जिम्नॅस्टिक्सच्या अपघातात त्यांना पक्षाघात झाला होता. खेळ शांत आहे, स्फोट नाहीत, पैसे लागत नाहीत. म्हणून मी निर्धास्त होते असं मात्र नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाची नोंद आहे. नुसते तास मोजून ते ठरत नाही. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापुढे खेळ येणं, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, आणि हे साधारण बारा महिने टिकणं, असं सगळं पाहावं लागतं. काका मंडईत जात होते, नातवाला शाळेतून आणत होते, लग्नकार्य चुकवत नव्हते. तरी मी काय केलं? वेळेचा तक्ता करून दिला, दिवसाला एक तास. पाठ्यपुस्तकी उपाय. पंधरा दिवसांत तक्ता बारगळला आणि मुलानं माउस कपाटात ठेवला.

पुढच्या भेटीत सूनबाई सहज बोलून गेल्या, “माउस काढल्यापासून पहाटे पाढे म्हणतात. पावकी, निमकी, साडेतीनची औटकीसुद्धा!”

इथं मी थांबले. खेळाची चटक लागलेला माणूस माउस गेल्यावर चिडेल, दुसरा माउस आणेल. औटकी कशाला म्हणेल?

त्या दिवशी काकांना एकटं बसवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी पिशवीतून एक जुनी डायरी काढली. हिशेबनिसाचं रेखीव अक्षर: तारीख, डाव कितवा, मिनिटं, सुटला की अडला. अडलेल्या डावांखाली लाल रेघ.

“आमचे थोरले बंधू शेवटी मला ओळखत नव्हते. मला पाहायचं होतं, माझं सुरू झालंय का. वेळ वाढली की पुन्हा एकदा खेळतो.”

आणि ती वाढायचीच, कारण पहाटे चारला उठून धास्तीनं खेळलेला डाव कसला चांगला होणार? कुलूप लावलं का हे तिसऱ्यांदा जाऊन बघणाऱ्याची शंका चौथ्यांदा वाढते, तसंच हे.

मी त्यांना सांगितलं, “काका, हे माप खोटं आहे. कधी सोंगट्या अशा पडतात की कुणालाच डाव सुटत नाही. आणि सुटला तरी त्यातून एवढंच कळतं की तुमचा या खेळाचा हात बसलाय.” उलट प्रश्नही त्यांनी विचारलाच, खेळून स्मरण टिकतं का? सरावानं माणूस त्या खेळात तरबेज होतो. त्यानं किल्ल्या सापडायला लागतील असं मी म्हणणार नाही.

स्मरणशक्तीची शंका डॉक्टरांकडेच न्यायची. त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. तिथं ‘मोका’ नावाची 30 गुणांची चाचणी झाली. जेमतेम दहा मिनिटं लागतात. घड्याळ काढा, प्राणी ओळखा, पाच शब्द लक्षात ठेवा. गुण वयाला साजेसे आले. रक्तात बी-12 मात्र बरंच कमी निघालं. त्यानंही विसरभोळेपणा येऊ शकतो. इंजेक्शनं सुरू झाली, आणि पुढची चाचणी वर्षानं.

“वर्षानं? महिन्यानं नाही चालणार?” काकांनी डॉक्टरांना विचारलंच.

घरच्यांना मी एवढंच म्हटलं, माउस परत द्या. आणि थोरल्या काकांचा विषय निघाला की तो बदलू नका, त्यांना बोलू द्या. मुलाला हे दुसरं काम जास्त जड गेलं.

दोनेक महिन्यांनी काकांचा फोन आला. “मॅडम, काल शेवटी दोनच सोंगट्या उरल्या, एकीवर एक. डाव अडला. पण खालची कुठली हे न बघता सांगितलं मी नातवाला. बाकी सगळ्या जोडीनं गेल्या, म्हणजे खालची वरचीचीच जोडी असणार.”

“घड्याळ लावलं होतं?”

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“लावलं होतं. पण लिहिलं नाही.”